‘कित्याक’ला लगेच उत्तर देऊ नका

बुलढाणा, नांदेड किंवा सोलापूरकडून नेमणूक होऊन तुम्ही देवगड-मालवणकडच्या एखाद्या खाडीकाठच्या शाळेत आला असाल, तर इथल्या बोलीतला एक शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल: ‘कित्याक’. म्हणजे ‘का’, ‘कशाला’. पाचवीतली मुलगी मुठीत चिखलातली इवलीशी कुर्ली (खेकडा) घेऊन येते आणि विचारते, “बाईनू, हिचो एकच डेंगो एवढो मोठो कित्याक?” (डेंगो म्हणजे नांगी.)

पहिली तीन वर्षं अशा प्रत्येक प्रश्नाला मी जागच्या जागी उत्तर दिलं. उत्तर बरोबर असायचं, मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि प्रश्न तिथेच मिटायचा. हळूहळू प्रश्न येणंच कमी झालं. ‘कित्याक’ म्हणजे बाईंना विचारायची गोष्ट, आपण शोधायची नव्हे, असं मुलांच्या मनात बसलं होतं, आणि ते मीच बसवलं होतं. ते काढायला पुढे जे जे केलं ते नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. पाचवी ते आठवीची मुलं डोळ्यांसमोर आहेत. पट कमी असला, दोन वर्ग एकत्र बसत असले, तरी यातलं सगळं जमतं.

आधी जमवाजमव

प्रयोगशाळा नाही म्हणून अडू नका. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं, हा त्याचा गाभा. साध्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत तो पुढे ३० वर्षं चालला. तुम्हाला विकत घ्यावी लागेल अशी खरी वस्तू एकच, एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. बाकी दोन-तीन भिंगं, शिंप्याची टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, स्टीलचे पेले, एक ताट, बादली, सुतळी, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. हे सगळं एका पेटीत ठेवा आणि पेटीची चावी मुलांकडे द्या.

चार-चार मुलांचा गट आणि गटाला एक शंभरपानी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे मथळा ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. निरीक्षण आणि अनुमान हे शब्द मुलं पाठ करतात, पण त्यांतला फरक या दोन रकान्यांनीच अंगात मुरतो. वहीतलं काही खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ आणि शेजारी बरोबर आकडा, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता यावं.

पहिला तास: दोन दगड

सुरुवात पायाखालच्या दगडानं करा. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या तांबड्या दगडाच्या, चिऱ्याचा मुठीएवढा तुकडा आणि काळ्या दगडाची तेवढीच खडी. दोन्ही आदल्या दिवशी उन्हात ठेवून खणखणीत वाळवलेले हवेत. हा जांभा कोकणातल्या मुलांच्या इतका ओळखीचा असतो की त्याच्याकडे कोणी बघतच नाही. घर चिऱ्याचं, गडगा (कुंपणाची भिंत) चिऱ्याचा, शाळाही चिऱ्याचीच.

दोन्ही तुकड्यांचं वजन करून फळ्यावर लिहा. मग विचारा, दहा मिनिटं पाण्यात ठेवले तर वजनाचं काय होईल? इथे घाई करू नका. प्रत्येक गटाचा अंदाज वहीत लिहून झाल्याशिवाय दगड पाण्याला लागता कामा नये. अंदाज आधी लिहिलेला नसला की नंतर सगळे म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं.

जांभा पाण्यात गेला की त्याच्या छिद्रांतून बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागतात. माझ्या वर्गात हा प्रयोग केला त्या पहिल्या वर्षी एक मुलगा बादलीवर ओणवा होऊन ओरडला, “बाईनू, दगड पाणी पिता हा!” मी विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तो म्हणाला, ‘दिसलं’मध्ये. मग वर्गातच वाद पेटला. एकीचं म्हणणं होतं, दिसले ते बुडबुडे; पाणी आत जाताना कुठे दिसलं? अर्धा तास हा वाद चालला आणि मी मध्ये बोलले नाही. शेवटी ठरलं की ‘बुडबुडे आले’ हे दिसलं, ‘दगड पाणी पितो’ हे वाटलं, आणि वाटलेलं खरं की खोटं ते काटा सांगेल.

दगड बाहेर काढून फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर वरवरचं पाणीही मोजलं जातं. आमचा ४८० ग्रॅमचा जांभा ५३१ झाला, काळा दगड दोन ग्रॅमनं वाढला. लगेच पुढचा प्रश्न आला: दुसऱ्या गटाचा तुकडा मोठा होता, त्यानं ७० ग्रॅम पाणी प्यायलं, म्हणजे त्यांचा दगड जास्त तहानलेला का? सातवीच्या गणितातली टक्केवारी त्या दिवशी पहिल्यांदा कशाच्या तरी कामाला आली.

हा एक धडा दोन तासांत संपवायचा हट्ट नको. आमच्याकडे तो आठवडाभर चालला. पावसाळ्याआधी आजी भिंतीला झावळ्यांची झापं का बांधते, एवढा पाऊस पडूनही सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) विहीर एप्रिलात का आटते, हे सगळं त्या दोन दगडांतून निघालं. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे इंग्रजी नाव देणारा फ्रान्सिस बुकॅनन यानंही केरळात अंगाडिपुरम् इथे हेच पाहिलं होतं आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं होतं: जमिनीतून काढताना मऊ, हवेवर आला की कडक, आणि लोक त्याच्या विटा कापून घरं बांधतात. त्यानं नावही विटेवरूनच दिलं, लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. मुलांना हे सांगाल तर प्रयोग झाल्यावर सांगा.

प्रश्नाला हात-पाय फुटायला हवेत

मुलांचे प्रश्न बहुतेक ‘का’चे असतात आणि ‘का’ थेट तपासता येत नाही. तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तो प्रश्न किती, कधी, कुठे किंवा ‘असं केलं तर काय होईल’ यांतल्या एखाद्या रूपात आणायला मुलांना मदत करणं. नुसतं शब्दांत सांगून हे जमत नाही, दोन-तीन उदाहरणं सोबत करावी लागतात.

‘मोहर का गळतो?’ हा प्रश्न आंब्याच्या दिवसांत येतोच. वर्गात तो सुटणार नाही. पण ‘खालच्या फांदीवरचा जास्त गळतो की वरच्या?’ हे मोजता येतं. एका झाडाच्या चार फांद्यांना रंगीत दोरे बांधा, मोहराचे तुरे मोजा, दर तीन दिवसांनी पुन्हा मोजा. ‘तिवराचं (खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाचं) पान खारट का?’ याचं आमच्या मुलांनी असं केलं: सकाळी पान गोड्या पाण्यानं धुवून पुसलं, तर संध्याकाळपर्यंत त्यावर पुन्हा मीठ दिसतं का? भिंगातून मिठाचे बारीक कण दिसले. (तपासायला जीभ लावायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घाला. कांदळवनात अशीही झाडं असतात ज्यांचा दुधासारखा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग आग होते.)

‘समुद्र निळा का?’ हा प्रश्न आला, की मी रामन यांची गोष्ट सांगते. १९२१ साली सी. व्ही. रामन ‘नरकुंडा’ जहाजानं युरोपातून परतत होते. समुद्र निळा दिसतो कारण त्यात आकाशाचं प्रतिबिंब असतं, हे तेव्हाचं मान्य उत्तर त्यांना पटेना. त्यांनी प्रश्नाचं रूप बदललं: प्रतिबिंब काढून टाकलं तर निळाई उरते का? जवळच्या निकॉल प्रिझममधून (ठरावीक दिशेनं कंप पावणारा प्रकाशच पार जाऊ देणाऱ्या स्फटिकातून) पाहून त्यांनी पाण्यावरून परतणारा प्रकाश अडवला. निळाई गेली नाही, उलट खुलली. त्याबद्दलचं टिपण त्यांनी मुंबई बंदरातूनच ‘नेचर’ या नियतकालिकाला पाठवलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करताना थर्माकोलच्या प्रतिकृतींपेक्षा ही गोष्ट सांगा, आणि मग प्रत्येक गटाला आपला एक ‘का’ घेऊन त्याचं रूप बदलायला लावा.

बदलायची ती एकच गोष्ट

हे शिकवायला मीठ उत्तम. शिरोड्याची मिठागरं मुलांनी पाहिलेली नसली तरी १९३०च्या सत्याग्रहामुळे नाव ऐकलेलं असतं. मिठागरातले वाफे इतके उथळ का, हा प्रश्न. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २०० मिलिलिटर पाणी पसरट ताटात आणि तेवढंच पेल्यात ठेवायचं आणि कुठलं आधी सुकतं ते पाहायचं.

पहिल्या खेपेला मी ताट अंगणात उन्हात ठेवलं आणि पेला वर्गाच्या खिडकीत, कारण अंगणात कोंबड्या पेला लवंडतील अशी भीती वाटली. ताट आधी सुकलं. मी फळ्यावर निष्कर्ष लिहीत होते तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, “पण पेल्याक ऊन खंय लागला?” मी निष्कर्ष पुसला नाही. त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ऊन वेगळं, भांडं वेगळं, कशामुळे ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही भांडी अंगणात, वर कोंबड्यांसाठी पालथी टोपली नको म्हणून पाळीनं राखण. ‘बाकी सगळं सारखं, बदल फक्त एक’ हे वाक्य त्यानंतर मला कधी पाठ करून घ्यावं लागलं नाही.

पंधरवड्याचं काम: भरती

इथवर दोनेक महिने गेलेले असतील. आता मोठं काम हाती घ्या. ऑक्टोबर संपल्यावरच घ्या; पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ न्यायचं नाही. जाताना दोन मोठी माणसं बरोबर, त्यांतलं एक खाडी जाणणारं, आणि शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर कोणीही उतरायचं नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशोब आहे: तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. तृतीयेला सव्वादोन. हा हिशोब मुलांच्या घरात असतो, तो घरातूनच आणायला सांगा. मग विचारा, हा बरोबर आहे का, आणि आपण ते कसं तपासू?

धक्क्याच्या खांबाला १२ फुटी बांबू उभा बांधा, त्यावर दर १० सेंटिमीटरला ऑइलपेंटचा पट्टा. मुंबईत मोठ्या उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) पाणी ४-५ मीटर चढतं-उतरतं, आपल्याकडे दक्षिणेला साधारण त्याच्या निम्मं, त्यामुळे एवढा बांबू पुरतो. दर अर्ध्या तासाला नोंद करायची, भरती पूर्ण व्हायला आली की दर दहा मिनिटांनी. लाटेनं पाणी खालीवर होतं म्हणून लागोपाठ तीन वेळा वाचून मधला आकडा घ्यायचा. चतुर्दशीपासून पुढच्या षष्ठीपर्यंत भरती शाळेच्या वेळेत येते, तेव्हा सुरुवात चतुर्दशीला करा. तिथीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे.

पहिल्या दिवसाचा आलेख काढला की मुलांना एक गोष्ट आपोआप दिसते. पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत झपाट्यानं, शेवटी पुन्हा हळू. खाडीकाठच्या मुलांना हे पायांनी माहीत असतं, तिसऱ्या (शिंपले) काढायला गेलेलं माणूस कधी परततं ते त्यांनी पाहिलेलं असतं. आलेखात ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं.

गंमत पुढे आहे. आम्ही हिशोबाचं कोष्टक फळ्यावर मांडलं: चतुर्दशी साडेदहा, पौर्णिमा सव्वाअकरा, प्रतिपदा दुपारी पाऊण, द्वितीया दीड. आठवीतला एक मुलगा कोष्टकाकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, रोज पाऊण तास पुढे जातं, मग पौर्णिमा ते प्रतिपदा एकदम दीड तास कसं? आमच्या वहीत त्या दोन दिवसांतलं अंतर ४० मिनिटांचं होतं. वर्ग दोन दिवस याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिला. कोणी म्हणालं घड्याळ चुकलं, कोणी म्हणालं तिथी चुकली. शेवटी दोन मुलींनी भागाकार केला. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकून पुन्हा त्याच वेळेला यायची, तर बारा तास भागिले पंधरा, म्हणजे ४८ मिनिटं. पाऊण तास धरला की रोज तीन मिनिटं शिल्लक राहतात, आणि पंधरा तिथींची ती ४५ मिनिटं एकदम प्रतिपदेला येऊन पडतात.

मुलांनी हे शेजारच्या एका म्हाताऱ्या आजोबांना जाऊन सांगितलं. ते आयुष्यभर रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीला) गेलेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “होडी लोटूक इतक्या पुरे.” मोजमाप किती नेमकं हवं हे ते कशासाठी हवं यावर ठरतं, हे त्यांच्याइतकं सोपं करून मी कधीच सांगू शकले नसते.

तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, येऊ द्या. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. शिवाय रोजचा उशीर सरासरी ५० मिनिटांचा असला तरी उधाणाच्या दिवसांत तो कमी आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) तासाहून जास्त होतो. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो, ती मुलांना दाखवा, पण त्यांची वही भरल्यावर. आधी दाखवलीत तर आकडे कोष्टकाबरहुकूम यायला लागतील, हे मी अनुभवलं आहे.

पावसाळ्यात

पर्जन्यमापक बनवणं सोपं आहे. सरळ अंगाची बाटली कापून वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा, तळाशी खडे टाका, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरा, बाहेरून पट्टी चिकटवा. झाडं आणि पागोळ्यांपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तीच वेळ ठेवा म्हणजे ताडून पाहता येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की मुलं शाळेच्या छपरावर किती पाणी पडलं ते स्वतः काढतात. जुलैत एखाद्या रात्री बाटली भरून वाहते. त्या दिवशीचा आकडा अंदाजानं लिहू देऊ नका, ‘१८० पेक्षा जास्त, बाटली भरली’ असंच लिहायचं.

आकडे जुळले नाहीत तर

जुळणार नाहीत. चार गटांचे चार आकडे येतील आणि मुलं तुमच्या तोंडाकडे बघतील. बरोबर आकडा सांगायचा मोह तिथे आवरा. चारही फळ्यावर लिहा आणि विचारा, सगळ्यात वेगळा कोणाचा, आणि त्यांनी काय वेगळं केलं? त्या गटाला दोषी धरल्यासारखा सूर नको. आमच्याकडे एका गटाचा जांभा सतत कमी पाणी प्यायचा. शोधता शोधता कळलं, त्यांचा तुकडा जुन्या भिंतीतला होता आणि त्याच्या एका अंगाला चुन्याचा गिलावा होता. त्यातून नवाच प्रयोग निघाला.

गुण द्यायचे तर उत्तराला देऊ नका. मी तीन गोष्टी बघते: अंदाज आधी लिहिला होता का, ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ वेगळं ठेवलं का, आणि मोजमाप पुन्हा करून पाहिलं का. होशंगाबादच्या कार्यक्रमात परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असायची. आकारिक मूल्यमापनात आपल्यालाही एवढी जागा नक्की मिळते. पालक विचारतात की यानं अभ्यासक्रम मागे पडतो का. माझ्याकडे पडला, पहिल्या सत्रात दोन धड्यांनी. दुसऱ्या सत्रात तो भरून निघाला, कारण तेव्हा मुलं धडा वाचून स्वतःच प्रयोग सुचवायला लागली होती.

आणि ती कुर्ली

त्या मुलीचा प्रश्न मी पुढच्या वर्षी पुन्हा काढला. ओहोटीला आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. गेल्या गेल्या सगळ्या कुर्ल्या बिळांत. इथे तुम्हाला एकच गोष्ट करायची आहे, मुलांना न हलता न बोलता बसवायचं. आठ-दहा मिनिटं लागतात. मग एकेक करून त्या वर येतात, आणि चिखलाचा सगळा पट्टा हलायला लागतो.

मोठा डेंगा असलेल्या किती, नसलेल्या किती, मोठा डेंगा डावा किती, उजवा किती, एवढंच मोजायला सांगितलं होतं. त्या मुलीनं आकडे लिहिले आणि खाली ‘दिसलं’च्या रकान्यात आणखी एक ओळ घातली: मोठ्या डेंग्याची एकाच हातानं खाते, बाकीच्या दोन्ही हातांनी. मग माझ्याकडे न बघता गटातल्या मुलाला म्हणाली, “मोबाइल दी. एका मिनिटात किती घास खाता ता मोजूक व्हया.”